टॉनिकच्या सहा बाटल्या

पन्नास सालच्या उन्हाळ्यात अंधेरीच्या एका दवाखान्यात पोलीस शिरले आणि कपाटातून टॉनिक वाइनच्या सहा बाटल्या उचलून घेऊन गेले. बाळंतिणींना, टायफॉइडमधून उठलेल्यांना देतात ते टॉनिक. पण दारूबंदीचा नवा कायदा आला होता आणि टॉनिकमध्ये अल्कोहोल होतं. डॉक्टर गावी गेलेले. कपाटाची किल्ली कंपाउंडरच्या खिशात सापडली, म्हणून गुन्हा कंपाउंडरवर लागला. ते कंपाउंडर म्हणजे माझे वडील.

जोगेश्वरीला दोन खोल्यांत बाबा आणि मी, त्यांची मुलगी, असे दोघंच राहत होतो. मी सकाळी लॉ कॉलेजला जात असे आणि दिवसभर फोर्टातल्या एका ऑफिसात टाइपिंग करत असे. बाबा जामिनावर सुटले. डॉक्टर परत आल्यावर म्हणाले, "खटला मिटेपर्यंत घरीच बसा. पेशंट बोलतात." बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. बाबा घरी आले, चप्पल काढली आणि तांदूळ निवडायला बसले.

मग तारखा सुरू झाल्या. बाबा दर वेळी तोच इस्त्रीचा कोट घालून मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जायचे, बाकावर बसून राहायचे. दुपारी नाव पुकारलं जायचं आणि पुढची तारीख मिळायची. जमेल तेव्हा मी रजा टाकून सोबत जाई.

त्या पावसाळ्यात कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवून शिकवायला सुरुवात केली. शहरातल्या एका गृहस्थाने व्हिस्की, कलोन वॉटर आणि औषधी वाइन जवळ बाळगू द्या म्हणून हायकोर्टात अर्ज केला होता, आणि हायकोर्टाने दारूबंदीच्या कायद्यातला काही भाग रद्द ठरवला होता. औषधांना लागू होणारा भागही त्यात होता. "याला म्हणतात ज्युडिशियल रिव्ह्यू," ते म्हणाले. "विधिमंडळाने केलेला कायदा घटनेत बसतो का, ते कोर्ट तपासतं. बसत नाही तेवढाच तुकडा बाजूला काढतं. बाकीचा कायदा जागच्या जागी."

वर्षभरात पहिल्यांदाच मी हात वर केला. "सर, त्या तुकड्याखाली ज्याच्यावर आधीच खटला भरलाय, त्याचं काय?"

"घटना लागू झाली त्या दिवसापासूनच तो भाग रद्द धरायचा. खटला उभा राहू नये."

ऑफिसात त्या दिवशी मी तीन पत्रं चुकीची टाइप केली. घरी धावत येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सरकार चुकलं, असं कोर्ट सरकारलाच सांगू शकतं?"

"शकतं, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्या रात्री पोटभर जेवले.

पुढच्या तारखेला आमच्या वकिलांनी तो निकाल दाखवला. सरकारी वकील उठून म्हणाले, "सरकार दिल्लीला अपिलात गेलंय. तोवर थांबावं." मॅजिस्ट्रेटनी मान डोलावली. आणखी तारखा. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बाबांचा कोट खांद्यावर सैल पडू लागला. एकदा कोर्टातून चालत येताना ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "गो बाय, माका आता कंटाळो इलो," म्हणाले. बाबा अगदी खचले, की मगच मालवणीत बोलत, म्हणून मला त्याची भीती वाटायची.

मे महिन्याच्या शेवटी दिल्लीचा निकाल छापून आला. कायदा बराचसा टिकला होता, पण औषधांपुरता तो भाग रद्दच राहिला होता. मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. बाबांनी गॅलरीतून विचारलं, "म्हणजे पोलीस आले त्या दिवशीही तो गुन्हा नव्हता?"

"नव्हता."

"मग मी वर्षभर कशासाठी जात होतो?"

घटनेची कलमं मला तोंडपाठ होती. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि चहा टाकला.

शेवटचं काम पाच मिनिटांत उरकलं. मॅजिस्ट्रेट काहीतरी पुटपुटले, कारकुनाने लिहून घेतलं, सुटका झाली. कुणी चुकलं असं कुणी म्हणालं नाही. हवालदाराने बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. दोन रिकाम्या होत्या. "सही करा आणि घेऊन जा."

बाबांनी सही केली. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी येऊन ते कोटासकट आडवे झाले आणि दिवेलागणीपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला, आजपासून या म्हणून. मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. ते दाढी करायला बसले.

"त्यांच्याकडेच परत जाणार?" मी चिडून विचारलं.

"दुसरं काय येतं मला?" गालावर साबण लावत ते म्हणाले. "तू परीक्षेचा पेपर चांगला लिही."

त्या वर्षी ज्युडिशियल रिव्ह्यूवर प्रश्न आला. मी चार पानं लिहिली. त्यात बाबा कुठेच नव्हते.