मांडूळ कुठं दिसलं

मांडूळ एका कवड्या सापाला गिळत होतं. आमच्याच कपाशीच्या वावरात, बांधाजवळच्या भुसभुशीत मातीत, सकाळच्या उन्हात. गावाचं नाव घेत नाही. का ते पुढं कळेलच. लांबीचा अंदाज यावा म्हणून बाजूला पेन ठेवून फोटो काढले. संभाजीनगरला खोलीवर आल्यावर दोन परिच्छेदांचं टिपण इंग्रजीत लिहून पाठवलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं, कुणाच्या ओळखीवर नाही. साप-बेडकांच्या नियतकालिकात अशी छोटी टिपणं छापतात. तिथं माझं नाव यावं असं मला वाटत होतं, आणि त्यात लाजायचं काय?

संपादकांचं उत्तर आलं. टिपण आवडलंय, नेमकी जागा अक्षांश-रेखांशासकट कळवा, वजनाचा अंदाजही.

त्याच आठवड्यात दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. मी पाठवलेला फोटो दादांनी कौतुकानं स्टेटसला ठेवला होता: 'आमच्या वावरातलं मांडूळ. पोरीनं शोध लावला.'

"दोघं आले होते मोटारसायकलवर," दादा म्हणाले. "लई गोड बोलत होते. कोणत्या बांधाला दिसलं, वजन किती भरंल..."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हणलं, जनावर हाय का कांद्याची गोणी? म्या काहून तोलू?"

"आणि जागा?"

"नाय सांगितली. पण जाताना वावराकडं बघत बघत गेले, बरं का."

मांडूळ गुप्तधन दाखवतं अशा समजुतीपायी लोक ते चोरून विकतात, आणि भाव ठरतो वजनावर. फोन ठेवला आणि खोलीत बसवेना. संपादक आणि ते दोघं एकच विचारत होते: कुठं आणि केवढं. जागा छापली तर मांडूळ जाणार, नाही सांगितली तर टिपण परत येणार. सिडकोच्या रस्त्यावर उगाच चालत राहिले. उत्तर लिहायचं, पुसायचं. शेवटी लिहिलं: जागा फक्त तुम्हाला कळवते, छापू नका, छापायचीच असेल तर टिपण परत घेते. पाठवलं आणि लगेच वाटलं, आपण कोण एवढं ताठ बोलणारे?

मग रोज मेल उघडून बघणं. बसमध्ये, जेवताना.

छापलं त्यांनी. जागा म्हणून नुसतं 'मराठवाडा'. प्रिंट काढून गावी नेली. दादांनी माझ्या नावाखालून बोट फिरवलं.

"आपल्या गावाचं नाव कुठंय?"

"नाय छापलं."

"मग गावात दाखवू काय?"

"माझं नाव दाखवा की."

"ते तर दाखवीनच." मग हळूच म्हणाले, "ते दोघं परवा परत आले होते. म्या म्हणलं, फर्दापूरकडं दिसलं होतं, डोंगरात. जावा हुडकत!"

मला हसू फुटलं. आणि अर्ध्यातच थांबलं.

"दादा, मांडूळ तिकडंबी असंल की."

त्यांचा चेहरा उतरला. "मग पुढच्या बारीला काय सांगू?"