सॅम्युएल सरांचं बिस्कीट

सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. आमच्या विभागात दोन गोष्टी कुणी कधी फेकत नसे. एक, बाटलीत घातलेला मासा. आणि दुसरी, चहाच्या वेळी घडलेला किस्सा. कपाटं भरत गेली. बाटल्यांतले बरेचसे प्राणी मी जिवंत कधी पाहिलेच नाहीत. किस्से मात्र सगळे डोळ्यांदेखत घडले! सत्तरच्या दशकातले हे त्यातलेच काही.

* * *

आमचे सॅम्युएल सर मिरजेचे. रोज सायकलवरून यायचे. ईस्टरच्या, म्हणजे क्रूसावर मेलेला येशू पुन्हा उठला त्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात ते एका टेबलावर पांढरा कपडा अंथरून ईस्टरची आठवण करून देणारे सगळे समुद्री प्राणी मांडत.

मधोमध असायचा सँड डॉलर. वाळूत राहणारा हा चपटा, गोल जीव. मेल्यावर त्याचं पांढरं कवच उरतं. पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल. आत जबड्याचे पाच तुकडे असतात, ते थेट पंख पसरलेल्या कबुतरांसारखे दिसतात. सर सांगत, "कवच फुटलं की ही पाच कबुतरं ईस्टरची शुभवार्ता घेऊन बाहेर पडतात, अशी आमच्यात समजूत आहे."

कवचाला आरपार चिरा असतात. त्या म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, असं सर सांगत. एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, जखमा पाच म्हणता, आणि इथं तर दोनच?"

"बाकीच्या दिसत नाहीत," सर म्हणाले.

आमचे विभागप्रमुख घाटगे सर सँड डॉलरला बिस्कीट म्हणत. "अहो सॅम्युएल, अभ्यासक्रमात जबडा आहे! एकदा फोडा ते बिस्कीट!" सॅम्युएल सर नुसते हसत. दरवर्षी आमची सहल कोकणात जायची, पण अख्खा सँड डॉलर पुन्हा कुणाला सापडला नाही. हा सापडला होता सरांच्या पत्नीला, मालवणच्या किनाऱ्यावर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. पुढं त्या फार दिवस जगल्या नाहीत. हे सरांनी मला एकदाच सांगितलं. घाटगे सरांना तेही नाही.

* * *

सहलीवरून आठवलं. आटपाडीकडचा एक विद्यार्थी होता, घरी मेंढरं. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. किनाऱ्यावर त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग म्हणाला, "सर, एवढं पानी, आन मेंढराला घोटभर कामाचं न्हाई!"

खडकातल्या डबक्यात सॅम्युएल सरांनी त्याला एक मऊ, बेढब प्राणी दाखवला. डोक्यावर दोन कान असावेत तशा दोन शिंगोट्या. "हा समुद्री ससा. ईस्टरला रंगीत अंडी आणणारा ससा लागतोच आम्हाला."

ससा म्हटल्यावर पोरगं थांबतंय कसलं! दोन्ही हातांनी धरला. सशानं जांभळ्या रंगाची अशी पिचकारी सोडली की शर्ट, हात, सगळं जांभळं.

पोरगं शर्टाकडं बघत म्हणालं, "सर, सन चुकला तुमचा. ह्यो गडी रंगपंचमीचा हाय!"

* * *

सॅम्युएल सरांच्या त्या टेबलावर शिंगाळा माशाची कवटी असायची. ती उलटी धरली की हाडांत हात पसरलेला माणूस दिसतो. समुद्राकाठचे ख्रिस्ती लोक त्यात क्रूसावरचा येशू बघतात.

आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई बापू कुंडलचा. लष्करातून परत आलेला. सरांनी भक्तिभावानं कवटी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "काय दिसतं, बापू?"

बापूनं ती लांब धरली, जवळ धरली. मग एकदम खूश होऊन म्हणाला, "आवं सर, ह्यो तर पी.टी. करतोय! हात बाजूला, एक!"

सर म्हणाले, "असेल, बापू. ड्यूटी त्यानंही केली."

* * *

मांडणीत एक अंडंही असायचं. खरं तर ती कवडी. पण इतकी पांढरी, गुळगुळीत की अंडंच वाटावं. एका वर्षी तीच गायब! घाटगे सरांनी विभाग डोक्यावर घेतला. शेवटी बापू पुढं झाला.

"सर, ती कुंडलला हाय. आमची कोंबडी लय वंगाळ. खायची आमच्यात आन अंडी घालायची शेजारणीच्या परड्यात. खुराड्यात एक अंडं दिसलं म्हंजी ती तितंच घालती. म्हनून ठिवली."

"मग?"

"गुन आला की! आता रोज घरातच."

"अरे, मग कवडी परत आण!"

"कशी आनू? ती खुडूक होऊन बसलीया तिच्यावर. आता उठवली तर पाप लागंल, सर!"

त्या वर्षी टेबलावर अंडं नव्हतं.

* * *

त्यानंतरच्या जानेवारीत माझी पत्नी गेली. त्याविषयी इथं सांगण्यासारखं काही नाही. मार्चपासून मी पुन्हा वर्गावर जाऊ लागलो, इतकंच.

त्याच वर्षी विद्यापीठाची समिती यायची होती, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. घाटगे सरांनी या वेळी विनवलं नाही, बजावलं. "जबडा दिसला पाहिजे. नाहीतर विभागाची मान्यता लोंबकळेल."

शनिवारी दुपारी सॅम्युएल सर माझ्या टेबलाशी आले. त्यांनी सँड डॉलर ट्रेमध्ये ठेवला. "तुम्ही फोडा. माझा हात चालत नाही."

मी चिमटा उचलला आणि खाली ठेवला. घरी तिच्या साड्यांच्या ट्रंकेला अजून हात लावला नव्हता. "सर, मला नाही जमायचं."

बापू झाडू टेकवून आमच्याकडं बघत होता. तो पुढं आला. "तोंडं तिकडं करा बघू, दोघंबी."

आम्ही खिडकीकडं तोंड करून उभे राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मागं टक् असा आवाज झाला.

"झालं. फिरा."

ट्रेमध्ये पांढरा चुरा आणि त्यात ती नाजूक कबुतरं. चारच होती. बापू टेबलाखाली शिरला, कपाटं सरकवली, केरसुणी फिरवली. "जातंय कुटं? हितंच आसंल की!" मीही गुडघ्यांवर बसून शोधलं. सॅम्युएल सरांनी मात्र खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. रुमालानं चष्मा पुसला आणि सायकल काढून ते मिरजेला गेले.

सोमवारी समिती आली. अध्यक्ष ट्रेपाशी थांबले, वाकले, पुन्हा वाकले.

"तुकडे पाच असतात ना? हे चारच आहेत. पाचवा कुठं गेला?"

घाटगे सरांचा चेहरा पडला. सॅम्युएल सर पुढं झाले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"काल ईस्टर होता, सर."