दारामागची काठी

आज केर काढताना दारामागच्या काठीला कोळिष्टक लागलेलं दिसलं. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत चोरांनी एक घर फोडलं, तेव्हा ती बांबूची काठी मीच आणून तिथे उभी केली. एकट्या बाईच्या हाताशी काहीतरी हवंच, असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

ती मी एकदाच उचलली. भर दुपारी मागचं दार करकरलं, पावलं आत आली आणि मी काठी उगारूनच स्वयंपाकघरात धावले. समोर शेजारच्या सुमनताई, हातात अळूच्या भाजीची वाटी. "अगं, मी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. वाटी ओट्यावर ठेवून त्या आल्या पावली परत गेल्या.

काठी कधी आणायची, ते भीतीनं एका दिवसात ठरवलं. ती टाकायची कधी, हे माझं अजून ठरत नाही.

वीस वर्षं सुमनताई मागच्या दारानं न विचारता आत यायच्या. आता पुढच्या दाराची बेल वाजवतात. मी दार सताड उघडलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबतात आणि हसून विचारतात, "येऊ का गं?"