रुळाजवळचं घर

वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकांनी टेबलावर छोटी रेल्वे मांडली आहे. काल गेलो तेव्हा सुटे भाग जोडून केलेलं एक घर ते वळणापाशी ठेवून बघत होते. घर चिकटवण्याआधी ते सगळ्यात लांब डबा त्या वळणावरून हातानं ढकलतात. डब्याचा कोपरा भिंतीला घासला. काकांनी एका बोटानं घर मागे सरकवलं. पुन्हा घासला, पुन्हा सरकवलं.

मी ते बोट बघत राहिलो. रेल्वेच्या नोकरीत काका रुळालगतच्या झोपड्यांची अंतरं मोजायचे आणि हद्दीत येणाऱ्या, पाडायच्या झोपड्यांच्या दारांवर लाल फुली मारायचे. एका दारातल्या बाईनं फुली मारण्याआधी त्यांना चहा दिला होता, एवढंच कधीतरी बोलले होते. घर इतक्या सहज मागे सरकतं, हे त्यांनी साठीनंतरच पाहिलं असावं.

अखेर डबा न घासता गेला. प्लास्टिकच्या छोट्या माणसांचं पाकीट मात्र बाजूला तसंच बंद होतं.

"यांना कधी ठेवणार?" मी विचारलं.

काकांनी डिंकाची बाटली न उघडताच बाजूला ठेवली.

"घर पुन्हा हलवावं लागलं तर?" ते म्हणाले. "आत कोणी नसलेलं बरं."