माकणीचा हुतूतू संघ आणि येळवस

माकणीच्या हुतूतू संघाचा इतिहास माझ्यापासून सुरू होतो. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तो फारसा थोर नाही. छप्पन साली इथला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर मी साताऱ्याकडून इथं मास्तर होऊन आलो. एकटा जीव, भाड्याची खोली, संध्याकाळ काही केल्या सरायची नाही. म्हणून शाळेमागच्या पडीक जागेत चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या आणि शेतात राबणारे सात गडी जमवले.

पहिल्या वर्षी जाऊ तिथं मार खाल्ला. दुसऱ्या वर्षी लोहाऱ्याला हरवलं, तेव्हा गड्यांनी मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. आपण आता इथले झालो, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला जिंकण्यापेक्षा तेवढंच हवं होतं.

तिसऱ्या वर्षी परंड्याकडच्या संघाशी गाठ होती. जिंकेल तो जिल्ह्याला जाणार. यादीत 'स्थानिक सुट्टी' दिसली म्हणून मीच ती तारीख ठरवली. गडी "व्हय गुरुजी" म्हणाले. मी तारखेनं बोलत होतो आणि ते तिथीनं जगत होते. तो दिवस मार्गशीर्ष अमावस्येचा, म्हणजे येळवसेचा आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. येळवसेला सारं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा करतं आणि बोलावून आणलेल्यांना मिसळ भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील वाढतं. आधीची दोन वर्षं त्या दिवसांत मी आईकडे गेलेला असायचो. त्या वर्षी आई राहिली नव्हती.

सकाळी परंड्याचे गडी आले, पंच आले, आमच्याकडून मी एकटा. गावात चिटपाखरू नव्हतं. "आज येळवस हाय की मास्तर," पंच म्हणाले. तासभर थांबून त्यांनी पाहुण्यांना विजयी ठरवलं. गावात चहासुद्धा मिळेना, तेव्हा सगळे निघून गेले.

खोलीवर येऊन मी संतापानं फक्कीचा डबा भिंतीवर आपटला. सामना गेला म्हणून राग आलाय, असं दुपारपर्यंत स्वतःला बजावत होतो. पण सात घरांतून एकानंही मला जेवायला बोलावलं नव्हतं, ते खरं लागलं होतं. भात शिजवला आणि तसाच झाकून ठेवला.

दिवेलागणीला आमचा कप्तान आला, ओशाळलेला.

"चुकलंच गुरुजी. मॅचचं ध्यानातच न्हाय राहिलं. आन तुमी जेवलाव कुणाच्या रानात?"

मला खरं सांगता आलं असतं. पण तोंडातून निघालं, "शाळेच्या शिपायाच्या."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्या म्हनलंच. आमी सातीजन रानात ह्येच बोलत हुतो, गुरुजीला कुणीतरी नेलंच आसंल. जिवाला घोर लागला हुता बगा."

तो हलक्या मनानं घरी गेला. त्याची समजूत मोडायला मी त्याच्या मागं गेलो नाही. संघ अजून दोन वर्षं चालला, जिल्ह्याला मात्र कधी गेला नाही. पुढच्या येळवसेला मी सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसलो. समोरून बैलगाड्या जात होत्या. गडी हात उंचावून विचारत होते, "शिपायाकडंच ना गुरुजी?" आणि मी मान डोलावत होतो.