कर्ज फिटलेली घरं

घराचा विमा विकणाऱ्याकडे पॉलिसी थोड्या आणि किस्से फार जमतात. ज्याला विमा घ्यायचा असतो तो सही करतो, चहा पाजतो, विषय संपतो. ज्याला घ्यायचा नसतो तो मात्र का घ्यायचा नाही हे तासभर समजावून सांगतो. महाडच्या बाजारपेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसून मी अकरा वर्षं असे तास ऐकले.

बी.कॉम. होऊन घरी बसले होते, तेव्हा शेजारच्या दामलेकाकांनी मला हाताखाली घेतलं. काका जनरल इन्शुरन्सचे एजंट. गाडीचा विमा लोक पोलिसांच्या भीतीने काढत, दुकानाचा बँकेच्या. घराचा विमा काढायचा तो फक्त घरावर कर्ज असलेल्याने, कारण बँक सोडत नसे. कर्ज नसलेल्या घराकडे कोणी एजंट फिरकत नव्हता. काकांना नेमकं त्याच घरांचं वेड.

"गाडी गेली तर माणूस चालत घरी येतो," ते म्हणायचे. "घर गेलं तर कुठे येणार?"

*

नदीकाठच्या गल्लीत एक भुसार मालाचे व्यापारी होते. खाली दुकान, वर घर, सगळं वडिलोपार्जित, एक पैसा कर्ज नाही. काकांनी महिनाभर मागे लागून त्यांना फॉर्म भरायला बसवलं. मी एकेक रकाना वाचत होते.

"नदीपासून घराचं अंतर किती?"

"कोणत्या महिन्यात?"

मी हसले. शेठ हसले नाहीत.

"मे महिन्यात चालत पाच मिनिटं," ते म्हणाले. "जुलैत तीच येते."

मग त्यांनी आम्हाला जिना दाखवला. मुद्दाम रुंद बांधून घेतलेला, पोतं घेतलेले दोन हमाल एकमेकांना ओलांडून जातील एवढा. "चाळीस वर्षं माल वर नेतोय. विमा काढला तर माल खालीच ठेवायची सवय लागेल."

सही काही झाली नाही. पण परत येताना काका दोनदा म्हणाले, जिना चांगला बांधलाय.

*

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर सात-आठ घरांची एक वाडी आहे. एसटी पायथ्याशी सोडायची, पुढे दीड तास चढ. काकांचे गुडघे दुखायचे, म्हणून तिथे मी एकटीच जायची. भागूबाई नावाच्या आजींनी कर्ज काढून म्हैस घेतली होती, त्यामुळे म्हशीचा विमा होता. घरावर कर्ज नव्हतं, त्यामुळे घराचा नव्हता. मी तो काढा म्हणून सांगायला लागले.

"घर पडलं तर तू येशील काय बांधायला?" आजींनी विचारलं.

"मी नाही आजी. कंपनी पैसे देईल."

"पैशांवर वासा उभा ऱ्हातो काय? त्याला मानसं लागतात. ती हायत की इथं."

पुढच्या वर्षी म्हशीचं नूतनीकरण करायला गेले, तर आदल्या दिवशीच्या वादळाने आजींच्या घराचं छप्पर उतरवलेलं. सगळी वाडी तिथे जमली होती. काही माणसं वर चढलेली आणि खाली अंगणापासून बायकांची रांग, हातोहात कौलं वर चाललेली. रांगेत एका ठिकाणी माणूस कमी पडत होतं. मी पर्स सावरत बघत उभी.

"उभी काय ऱ्हायलीस गो?" आजी म्हणाल्या. "धर."

दुपार कलेपर्यंत मी कौलं पुढे देत होते. अकरा वर्षांत तेवढा एकच क्लेम मी स्वतःच्या हातांनी दिला.

*

सगळीकडे असं होत नाही, हेही सांगायला हवं.

मोरे गुरुजी निवृत्त झाले, त्याच महिन्यात त्यांच्या घराचं कर्ज फिटलं. बँकेने कागद परत दिले आणि गुरुजी पेढे घेऊन थेट आमच्या माडीवर आले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि ड्रॉवरमधून फॉर्म काढला. कर्जाबरोबर इतकी वर्षं चालत आलेला विमा आता बंद होणार होता.

"तो विमा बँकेचा होता, दामले," गुरुजी म्हणाले. "भीतीही तिचीच होती. आता घर माझं आहे, आणि मला भीती नाही."

दोन वर्षांनी शॉर्टसर्किट झालं आणि मागच्या दोन खोल्या जळल्या. आम्ही गेलो तेव्हा गुरुजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी काकांकडे वर पाहिलं.

"बोला दामले. सांगितलं होतं, असं म्हणा."

काका त्यांच्याजवळ पायरीवर बसले. "मी पेढा खाल्ला होता, गुरुजी. मला बोलायचा हक्क नाही."

पेन्शनमधून एक खोली पुन्हा उभी राहिली. दुसरी राहिली ती राहिलीच. गुरुजींची लेक पूर्वी मे महिन्यात मुलांना घेऊन पंधरा दिवस यायची. पुढे एकदा बाजारात भेटले तेव्हा मी तिची चौकशी केली.

"येते की," ते म्हणाले. "जागा नाही हे तिला सांगावं लागत नाही. परतीची एसटी बघूनच येते."

*

तुडीलला हाजराबी नावाच्या एक बाई राहायच्या. मुलगा युसुफ कुवेतला. त्याने तिथल्या पगारातून गावात दुमजली घर बांधलेलं, कर्ज न काढता. सुट्टीवर आला तेव्हा मला म्हणाला, "मला नका विचारू. घर आईचं आहे."

म्हणून तो परत गेल्यावर मी त्याच्या आईकडे गेले. त्यांनी तांदळाची भाकरी आणि मच्छीचं कालवण वाढलं आणि जेवता जेवता सगळं नीट ऐकून घेतलं.

"जायासारखं काय काय हाय ते लिहायचं?"

"हो. टीव्ही, फ्रिज, कपाटं."

"वरच्या चार खोल्या मी उघडत नाय," त्या म्हणाल्या. "चोर आला तर निदान कोनीतरी वापरल्या असं होईल."

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "युसुफ सतरा वर्षं तिकडं हाय. गेलेली सतरा वर्षं देईल असा विमा हाय काय तुझ्याकडं?"

मी फॉर्म पिशवीत घालायला लागले. त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे तो. युसुफ आला की सही करील."

युसुफ दर दोन वर्षांनी यायचा. फॉर्म मी ठेवून आले.

*

आणि हा किस्सा खुद्द काकांचा.

एका पावसाळ्यात महाडात पाणी शिरलं ते भुसारवाल्या शेठच्याच काय, कोणाच्याच अंदाजात बसणारं नव्हतं. दोन दिवसांनी ओसरलं, तेव्हा गल्ल्यांमध्ये घोटाभर चिखल. काका ओल्या चपला घालून बाहेर पडले ते तीन दिवस लोकांचे क्लेमचे कागद करत होते. ज्यांचे फोटो भिजले होते त्यांना धीर देत, ज्यांना सही सुचत नव्हती त्यांचा हात धरत.

चौथ्या दिवशी नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर यादी घेऊन आला. काका त्याला घरोघर नेत होते, मी मागे. फिरत फिरत आम्ही काकांच्याच गल्लीत आलो.

"हे घर सोडा," काका म्हणाले. "हे माझं. याचा विमा नाही."

सर्व्हेअर थांबला. काकांनी स्वतः विमा काढला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी एकदा विचारलंही होतं, तेव्हा काका म्हणाले होते, "आपलं बघू पुढच्या महिन्यात." घरावर कर्ज नव्हतं, त्यामुळे विचारणारी बँकही नव्हती. जागा काकूंच्या वडिलांनी दिलेली, घर काकूंच्या नावावर.

सर्व्हेअरने पान उलटलं. "सौ. सुमती दामले. घर हेच ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मला माझी स्वतःची एजन्सी मिळाली, त्या वर्षापासून काकू दर वर्षी शिवणाचे पैसे घेऊन माडीवर यायच्या, काका गावांना गेले असताना. सही करायच्या आणि जिना उतरून जायच्या.

त्या आता अंगणात बसून भांड्यांचा चिखल धूत होत्या.

"मला सांगितलं नाहीस," काका त्यांना म्हणाले.

"तुम्ही सगळ्या तालुक्याला विचारलंत," काकूंनी पातेलं पालथं घातलं. "मला एकदा तरी विचारायचं होतंत."

 काका माझ्याकडे वळले.

"कमिशन घेतलंस?"

"हो."

"माझ्या घरावर?"

"काकूंच्या."

सर्व्हेअर भिंतीवरची पाण्याची रेघ मोजायला लागला होता. ती खिडकीच्याही वर गेली होती, आणि त्याचा एकट्याचा हात पुरत नव्हता. काका पुढे झाले आणि त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं.