वारलेल्या बहिणीची सही

"अहो बाई, ही तर वारलेली आहे," काउंटरमागचा माणूस म्हणाला.

त्यानं नुसतं नाव विचारलं होतं. नंबर लागला म्हणून मी धावत गेले, कडेवर चार वर्षांची पोर, तिची पाण्याची बाटली गळतेय, आणि घाईत माझ्या तोंडून माहेरचं नाव गेलं. पासपोर्टवर सासरचं आहे. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहितो ना, ते. माझं तर पहिलं नावही बदललं. सहा वर्षं झाली, तरी घाबरले की जुनंच येतं.

आपल्या वकिलातीतला तो माणूस मराठीच होता. काचेखालून त्यानं कागद फिरवला, बोट ठेवलं. बाबांचे वारस. एक, मुलगा. दोन, मुलगी, आणि तिथं माझं नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे तस्सं. पुढं लिहिलेलं, मयत, अविवाहित.

आणि खाली परत मीच! सासरच्या नावानं, चुलत बहीण म्हणून. शपथेवर लिहून देते की वरील मुलगी वारली हे मला माहीत आहे, मुलाशिवाय दुसरा वारस नाही. सहीसाठी रेघ.

"तुमची कोण होती?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"बहीण," मी म्हणाले.

का म्हणाले? शप्पथ, मलाच माहीत नाही. वाटलं, खरं बोलले तर पकडतील.

"लहान होती?"

"हो."

"अरेरे," तो म्हणाला, आणि खरंच हळहळला. तर मलाच रडू आलं, तिच्यासाठी.

फोटो विसरले असं काहीतरी सांगून बाहेर पळाले. तुम्ही म्हणाल, आधी वाचलं का नाही? दादाचा कागद, वाचायचा काय! त्यानं पाठवला, नवऱ्यानं त्याच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात छापून आणला, बाबांच्या घराची साक्ष आहे, सही करून ये म्हणाला. मी दहावी नापास. मला कागद दिला की मी आधी सहीची जागा शोधते.

बसस्टॉपवरून दादाला फोन लावला.

"दादा, तू मला मारलंस?"

"अगं येडे, कागदावर गं! मेली असतीस तर फोन कुणी केला असता?" हसला तो. नेहमीसारखाच हसला. "बाबा गेले तेव्हा एजंट म्हणाला, बहीण परदेशात, तिच्या सह्या आणत बसाल तर वर्ष जाईल, नाहीच दाखवू. माझं एकट्याचं नाव लागलं. आता घर घ्यायला माणूस आलाय, त्याचा वकील तुझ्या मरणाची साक्ष मागतोय, नात्यातल्या कुणाची तरी. दुसऱ्या कुणाला सांगू?"

"मागितलं असतंस तर हक्कसोड लिहून दिली असती रे मी. सगळ्या बहिणी देतात."

मग म्हणाला, "आता खरं बाहेर आलं तर मी आत जाईन. भाचीला सांग मामा तुरुंगात आहे म्हणून. परवा रजिस्ट्रीची तारीख आहे. आज सही करून फोटो पाठव, वकिलातीच्या शिक्क्याचं उद्या बघ."

बसमध्ये कार्ड लावलं, आवाजच नाही. परत लावलं, नाही. ड्रायव्हर समोर बघत राहिला, जसं काही दारातून कुणी चढलंच नाही. एरवी मी हसले असते. त्या दिवशी पोरीचा हात इतका दाबून धरला की ती ओरडली.

क्लेमेंटीला उतरले, आमच्या ब्लॉकखाली धूर होता. चिन्यांचा सातवा महिना, मेलेल्यांचा. तिसऱ्या मजल्यावरची आजी पत्र्याच्या पिंपाशेजारी उभी, हातात कागदाचं घर. दुमजली, खिडक्यांना पडदे, दारात कागदाची मोलकरीण.

"आई, हू स्टे इनसाइड?" पोरीनं विचारलं.

"माय हजबंड," आजीच बोलली. "बर्न, ही कॅन गेट, लाह."

माझ्या तोंडातून निघालं, "हाऊ ही नो, हिज हाऊस?"

आजीनं घर उलटं केलं. तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर काळ्या शाईनं नाव. "मस्ट राइट नेम. नो नेम, अदर घोस्ट टेक."

आणि टाकलं पिंपात. आधी मोलकरीण गेली, मग पडदे. बाबांच्या घराचे पडदे मी शिवले होते, सातवीत असताना. मी तिथंच उभी, कागदाचं पाकीट पोटाशी धरून, आणि चटका लागतोय तरी मागं सरकता येईना.

वर आले. पोरीला भात भरवला. कागद ओट्यावर ठेवला, आणि सहीच्या रेघेवर माझं नाव लिहिलं. माहेरचं. अख्खं, बाबांच्या नावासकट, शाळेत लिहायचे तसं, एकेक अक्षर दाबून. फोटो काढून दादाला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या.

परवाची ती रजिस्ट्री झालीच नाही. वहिनीनं कळवलं, एका ओळीत. नवऱ्यालाही विचारलं, तुम्ही वाचलं होतं का हो? म्हणाला, पहिलंच पान. मी पुढं विचारलं नाही.

राखी आधीच पोस्टात टाकलेली होती. पौर्णिमेला फोन केला. उचलला. मागं बाबांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, म्हणजे घर होतं अजून, तो घरातच होता.

"कोण?" दादा म्हणाला.

माझा नंबर त्याला पाठ आहे. तरी मी नाव सांगितलं, जुनं.

"ती वारली," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

रोज दुपारी पोर झोपली की तो कागद काढून बघते. रेघेवर सही माझीच आहे, आणि वर अजून मयत लिहिलंय. सासरचं नाव घातलं असतं तर आज मला भाऊ असता. तुम्ही कुठलं नाव लिहिलं असतं हो?